लग्न झालं, आता कागद करा: नवरा-बायकोला कायद्याने काय मिळतं, काय द्यावं लागतं

लग्न झालं की नवऱ्याच्या प्रॉपर्टीत बायकोचा आपोआप अर्धा वाटा होतो, असं छातीठोकपणे सांगणारे लोक प्रत्येक कुटुंबात एकदोन तरी असतातच, आणि बायकोच्या पगारावर सासरच्यांचा हक्क असतो असं मानणारेही असतात. कायद्यात दोन्ही नाहीये. आपल्या देशात गोवा सोडलं तर (तिथे पोर्तुगीज काळातला नागरी कायदा चालतो, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची होते) बाकी सगळीकडे सरळ हिशोब आहे, ज्याच्या नावावर त्याचं. नवऱ्याने लग्नानंतर घेतलेला फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर तो त्याचा, बायकोच्या खात्यातला पगार बायकोचा.

मग लग्नाने मिळतं काय? मालकी नाही, पण राहायला छप्पर, जगायला खर्च, आणि जोडीदार गेल्यावर वारसा हक्क हे तिन्ही मिळतात. मालकी हवी असेल तर ती आपणच कागदावर आणायची असते आणि ती सगळं गोडीगुलाबीत चाललंय तेव्हाच आणायची, कारण एकदा बिनसलं की कोणी कोणाला सही देत नाही.

पहिल्यांदा तुमचं लग्न कोणत्या कायद्याखाली झालंय ते बघा, कारण पुढचं बरंचसं त्यावर ठरतं. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना हिंदू विवाह कायदा १९५५ लागतो, रजिस्ट्रारसमोर तीस दिवसांची नोटीस देऊन केलं असेल तर विशेष विवाह कायदा १९५४, मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी यांचे आपापले कायदे आहेत, आणि अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा सहसा लागत नाही, त्यांची रूढी चालते. पण पोटगीचं कलम १४४ (त्याबद्दल पुढे येतंच), कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, हुंडाबंदी हे सगळ्यांना सारखंच.

मग विवाह नोंदणी. महाराष्ट्रात १९९८ चा कायदा आहे, लग्नापासून नव्वद दिवसांत नोंदणी करायची, शहरात महापालिकेकडे आणि गावात ग्रामपंचायतीत. उशीर झाला तरी होते, जास्तीचे पैसे पडतात इतकंच. नोंदणी नाही म्हणून हिंदू लग्न बेकायदेशीर ठरत नाही, पण उलटंही लक्षात ठेवा, विधी केलेच नाहीत आणि व्हिसासाठी घाईघाईत नुसतं सर्टिफिकेट काढलं तर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की त्या सर्टिफिकेटने हिंदू लग्न होत नाही. हॉलचं बिल, पत्रिका, विधींचे फोटो जपून ठेवा, कंटाळा करू नका.

आता स्त्रीधन. इथे सगळ्यात जास्त घोळ होतात म्हणून जरा सविस्तर सांगते. लग्नात, लग्नाआधी, नंतर, माहेरच्यांनी, सासरच्यांनी, मैत्रिणींनी बायकोला जे काही दिलं, दागिने, पैसे, गाडी, ते तिचं एकटीचं. ते दोघांचं मिळून नसतं, सासूबाईंच्या कपाटात ठेवायला दिलं म्हणून सासूबाईंचंही होत नाही. सांभाळायला घेतलेला माणूस फक्त राखणदार, मागितल्यावर दिलं नाही तर विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होतो, हे सुप्रीम कोर्टाने १९८५ सालीच सांगून ठेवलंय. नवऱ्याने अडचणीत ते गहाण टाकलं किंवा मोडलं तर परत करायचं बंधन त्याच्यावर आहे.

पण कोर्टात पहिला प्रश्न येतो, दिलं होतं याचा पुरावा काय? तर यादी करा. हुंडाबंदीच्या १९८५ च्या नियमांतच लिहिलंय की वधूने आणि वराने आपापल्या भेटींची लेखी यादी ठेवायची, वस्तू काय, अंदाजे किंमत किती, कोणी दिली, देणाऱ्याचं नातं काय, आणि खाली दोघांच्या सह्या. मी आजवर अशी यादी केलेली जोडपी फार कमी बघितलीत. एका वहीत एका वस्तूला एक ओळ पुरते, म्हणजे "पाटल्या दोन, वजन चार तोळे, आईने दिल्या, बिल आईच्या नावावर" असं. वस्तू वजनकाट्यावर असतानाच फोटो काढा, काट्यावरचा आकडा दिसला पाहिजे. जुने दागिने मोडून नवे केले तर मोडीची पावती आणि नवं बिल एकत्र पिन करा, नाहीतर चार वर्षांनी त्या बांगड्या आजीच्या गोठांतून झाल्यात हे कोणाला सिद्ध करता येत नाही. लॉकर बायकोच्या नावावर किंवा निदान जॉइंट असावा, आणि यादीची एक प्रत माहेरी. लग्न होऊन दहा वर्षं झाली असली तरी आज यादी करायला कोणी अडवलेलं नाही. हुंडा म्हणून घेतलेलं असेल तर देणं-घेणं दोन्ही गुन्हा आहेच, पण घेतलेली वस्तू तीन महिन्यांत त्या मुलीच्या नावे करून द्यावी लागते हे फार लोकांना माहीत नसतं.

घराकडे येऊ. बँकेत गृहकर्ज घेताना बायकोला सहकर्जदार म्हणून सही करायला लावतात, पगार दोघांचा धरला की कर्ज जास्त मिळतं म्हणून, आणि तिला वाटतं की घर आपल्याही नावावर झालं. सहकर्जदार आणि सहमालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालक कोण ते खरेदीखताच्या पहिल्या पानावर, "लिहून घेणार" या शब्दांच्या पुढे लिहिलेलं असतं, तिथे तुमचं नाव नसेल तर कर्ज तुमचंही आणि घर मात्र एकट्या नवऱ्याचं, हप्ता चुकला तर सिबिल तुमचाही खराब. म्हणून आज रात्रीच इंडेक्स दोन, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा, काढून बघा. नाव नसेल आणि घालायचं असेल तर रजिस्टर्ड बक्षीसपत्राने हिस्सा देता येतो, कर्ज चालू असेल तर आधी बँकेची परवानगी लागते. नवीन घर घेताय तर दोघांची नावं घालताना कोणाचा किती टक्के हिस्सा तेही लिहा आणि ज्याने जितके भरले ते आपापल्या खात्यातून जाऊ द्या, सगळा हप्ता एकाच खात्यातून आणि किराणा-शाळेची फी दुसऱ्याच्या खात्यातून असं केलं की कागदावर दिसतं एकानेच घर घेतलं. किराण्यात गेलेल्या पगाराची पावती कोणी मागत नाही, घराच्या हप्त्याची सगळे मागतात.

घरकाम करणाऱ्या बायकोचं काय, असा प्रश्न येतो. २०२३ मध्ये मद्रास हायकोर्टाने एका प्रकरणात मान्य केलं की बाईने घर सांभाळलं म्हणूनच नवरा बाहेर कमवू शकला, आणि तिला मालमत्तेत निम्मा हिस्सा दिला. चांगला निकाल आहे, पण तो एका हायकोर्टाचा, त्याच्या भरवशावर बसू नका, नाव घाला.

शेती असेल तर सातबारा. शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची चळवळ केली होती, नंतर सरकारनेही त्याच नावाने सोय केली, नवऱ्याने स्वतःहून तलाठ्याकडे अर्ज करायचा आणि बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायचं. गावातल्या घराला ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर दोघांची नावं लागतात, ग्रामसेवकाला विचारा. अर्ज मात्र नवऱ्यालाच करावा लागतो, त्यामुळे मुळात त्याला पटायला हवं, बाकी सरकार काही करू शकत नाही!

नॉमिनी म्हणजे मालक हा दुसरा मोठा गैरसमज. नॉमिनी म्हणजे सहसा नुसता पैसे हातात घेणारा, वारसांना देईपर्यंत सांभाळणारा. शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये हेच परत सांगितलं, सोसायटीतल्या फ्लॅटलाही हेच लागू. उदाहरण घ्या. नवरा हिंदू आहे, मृत्युपत्र न करता गेला, फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, सोसायटीत नॉमिनी बायको, मागे बायको, दोन मुलं आणि आई. बायकोला वाटतं फ्लॅट माझा. प्रत्यक्षात चार समान हिस्से होतात, त्यात एक सासूबाईंचा, आणि सासूबाईंनी तो उद्या दुसऱ्या मुलाला दिला तर दीर तुमच्या हॉलचा सहमालक. वडील पहिल्या वर्गाच्या वारसांत येत नाहीत, आई येते, हे लोकांना पटतच नाही पण आहे तसं.

बायकोच्या मालमत्तेचं तर अजून विचित्र. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर आधी मुलं आणि नवरा, इथपर्यंत ठीक. पण मुलं नाहीत आणि नवरा आधीच गेलाय, तर तिने स्वतःच्या पगारातून घेतलेलं घरसुद्धा तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. आईवडिलांकडून वारशाने आलेलं असेल तेवढंच, मुलं नसतील तर, वडिलांच्या वारसांकडे परत जातं. ज्या सासरने विचारपूसही केली नाही ते तिच्या घराचे मालक होतात, असा कायदा १९५६ पासून चालू आहे. माझ्या मते मुलं नसलेल्या कमावत्या बाईने मृत्युपत्र न करणं म्हणजे शुद्ध निष्काळजीपणा.

आणि मृत्युपत्र करणं अजिबात अवघड नाही. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, केलं तर बरं. तुमची सही बघणारे दोन साक्षीदार हवेत आणि त्यांच्याही सह्या. ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. मुस्लिम व्यक्तीला साधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं, बाकी ठरलेले हिस्से, म्हणजे मुलं असतील तर बायकोला एक अष्टमांश, नसतील तर एक चतुर्थांश, आणि मेहर दिली नसेल तर ते नवऱ्यावरचं कर्जच, वाटणीच्या आधी फेडायचं. ख्रिश्चन आणि पारशी मंडळींनी लग्नाआधी मृत्युपत्र केलं असेल तर लग्नाने ते रद्द होतं, नवीन करा.

नॉमिनेशनही करायचंच, फक्त त्याने मालकी ठरते असं समजू नका. पीएफचं खास बघा. नोकरीला लागताना कुटुंब नव्हतं म्हणून कोणा मित्राचं किंवा चुलतभावाचं नाव घातलं असेल तर लग्न झाल्यावर ते नॉमिनेशन आपोआप रद्द होतं, आणि पुन्हा नवीन भरायचं बहुतेक जण विसरतात. टर्म इन्शुरन्स घेताना नवऱ्याने विवाहित महिला मालमत्ता कायदा १८७४ खाली पॉलिसी घ्यावी, फॉर्मवर त्याचा पर्याय असतो. मग ते पैसे बायको-मुलांचे ट्रस्टचे होतात आणि नवऱ्याच्या धंद्यातले घेणेकरी त्याला हात लावू शकत नाहीत. पण हे पॉलिसी घेतानाच करायचं, मागाहून होत नाही.

कर्जावरून आठवलं, नवऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलेलं पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्डचं देणं बायकोने फेडायची सक्ती नाही, ती सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तरच. तो गेला तर त्याच्याकडून वारशाने जेवढं मिळालं तेवढ्यापुरतंच देणं लागतं. रिकव्हरीवाले फोनवर काहीही सांगतात. इन्कम टॅक्समध्ये नवरा-बायकोने एकमेकांना दिलेल्या भेटीवर टॅक्स नाही, पण त्या पैशांच्या एफडीचं व्याज देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, त्यामुळे बायकोच्या नावावर टाकून टॅक्स वाचवायची आयडिया चालत नाही.

आता खर्च. पोटगी फक्त घटस्फोटानंतर मिळते असं वाटतं ना? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (१ जुलै २०२४ आधी हेच कलम १२५ होतं) म्हणतं की ऐपत असून बायकोला, मुलांना, आईवडिलांना पोसत नसेल तर कोर्ट दरमहा रक्कम ठरवू शकतं, लग्न चालू असतानाही. बायको राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. मुस्लिम घटस्फोटित बाईलाही हे कलम लागू आहे, हे २०२४ च्या जुलैत सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं. बायको कमावते एवढ्यावरून हक्क जात नाही, रक्कम कमी होऊ शकते. अर्जाबरोबर दोघांनाही उत्पन्न, खर्च, मालमत्ता, कर्ज याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, २०२० पासून हे सक्तीचं आहे, तेव्हा पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, आयटीआर, भाड्याची पावती आत्ताच एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा, दोघांनीही. रक्कम अर्जाच्या तारखेपासून मोजतात म्हणून "बघू, सुधारेल" म्हणत दोन वर्षं काढली तर त्या दोन वर्षांचं सहसा मिळत नाही.

नवऱ्याला पोटगी मिळते का? हिंदू विवाह कायद्याखाली केस चालू असेल तर हो, कलम २४ आणि २५ मध्ये दोघांपैकी कोणीही मागू शकतं. विशेष विवाह कायद्यात मात्र फक्त बायकोलाच. म्हणून म्हटलं, आधी कायदा कोणता ते बघा.

छपराचं. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ मध्ये बायकोला सामायिक घरात राहायचा हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो. आधी सासऱ्याच्या नावावरचं घर यात येत नाही असं कोर्ट म्हणायचं, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते बदललं. याचा अर्थ घर तिचं झालं असा नाही, तिला रस्त्यावर काढता येत नाही एवढाच, आणि कोर्ट त्याऐवजी दुसरं तशाच दर्जाचं घर किंवा भाडं द्यायला सांगू शकतं. म्हातारे सासू-सासरे ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली घर रिकामं करून मागू शकतात, पण फक्त सुनेला बाहेर काढायला म्हणून तो कायदा वापरता येत नाही, दोन्ही हक्कांचा मेळ घालावा लागतो. त्याच ज्येष्ठ नागरिक कायद्यात पोसायची जबाबदारी मुलगा, मुलगी, नातवंडांवर आहे, "मुलं" या व्याख्येत सून नाही. म्हणजे सासू-सासऱ्यांचं बघायची कायदेशीर जबाबदारी आधी तुमच्या नवऱ्याची, आणि नणंदेचीसुद्धा.

हिंसा म्हणजे फक्त मारहाण नाही, पगार काढून घेणं, खर्चाला पैसे न देणं, सतत टोमणे-अपमान, जबरदस्तीचा शरीरसंबंध हे सगळं या कायद्यात येतं. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण अठरा वर्षांवरील बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती अजूनही बलात्काराच्या कलमात बसत नाही, पण या कायद्याखाली संरक्षणाचा आदेश मिळतो. छळाचा फौजदारी गुन्हा आधी ४९८अ होता, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. तक्रार झाली की लगेच अटक असं आता होत नाही. मार खाणाऱ्या नवऱ्याला हा २००५ चा कायदा नाही, त्याला मारहाणीची साधी कलमं आणि क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट एवढंच, हे अपुरं आहे असं मलाही वाटतं.

छोट्या छोट्या गोष्टी पण रोज विचारल्या जातात. लग्नानंतर नाव बदलायची सक्ती नाही. गर्भपातासाठी सज्ञान बाईची एकटीची संमती लागते, नवऱ्याची सही मागणारं हॉस्पिटल स्वतःच्या सोयीसाठी मागतं. मूल दत्तक घ्यायला मात्र दोघांची संमती लागते. दुसरं लग्न हिंदू, ख्रिश्चन, पारशी आणि विशेष विवाह कायद्यात गुन्हा आहे, विवाहबाह्य संबंध २०१८ पासून गुन्हा नाही पण घटस्फोटाचं कारण आहे. आणि फोनवर चोरून रेकॉर्ड केलेलं नवरा-बायकोचं बोलणं त्यांच्यातल्या केसमध्ये पुरावा म्हणून चालू शकतं, २०२५ च्या जुलैचा निकाल आहे, तेव्हा रागात काय बोलताय ते बघा.

"नांदायला ये" अशी वकिलाची नोटीस किंवा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ चा दावा आला की घाबरून जातात सगळे. कोणालाही पोलिस धरून नांदायला नेत नाहीत, तो हुकूम तसा अमलातच येत नाही, फार तर मालमत्ता जप्त होऊ शकते. पण कोर्टाचं समन्स ड्रॉवरमध्ये टाकू नका, एकतर्फी निकाल होतो आणि हुकमानंतर वर्षभर एकत्र राहणं झालं नाही तर तेच घटस्फोटाचं कारण होतं. वेगळं राहायला सबळ कारण असेल तर ते लेखी उत्तरात तारखांसकट मांडायचं, दवाखान्याचे कागद, मेसेज जोडायचे. असा हुकूम झाला म्हणून पोटगी आपोआप बंद होत नाही, २०२५ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने तेही सांगितलंय.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, पुरुषाला उत्पन्नाच्या मर्यादेत. तालुका किंवा जिल्हा कोर्टाच्या आवारातच त्यांचं ऑफिस असतं, नाहीतर १५१०० वर फोन करा. मारहाण चालू असेल तर ११२, महिला हेल्पलाइन १८१. हिंसाचाराच्या कायद्यासाठी तुमच्या भागातला संरक्षण अधिकारी शोधा, तो घटनेचा अहवाल भरून कोर्टात पाठवतो, त्याला काही पैसे द्यायचे नसतात. जाताना विवाह नोंदणीचं सर्टिफिकेट, आधार, दागिन्यांची यादी आणि घराचा इंडेक्स दोन घेऊन जा, मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या आणि दिलेल्या प्रत्येक अर्जावर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट.